ग्लासावरून गोत्र

आमच्या दाजींनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन एकादश्या, आणि आषाढीला पुष्पक एक्स्प्रेसनं कल्याण गाठून तिथून पंढरपूर, हा नेम लखनौत राहूनही चुकलेला नाही. तरीसुद्धा कोण काय पितो, कशातून पितो, कुणासमोर पितो आणि त्यावरून त्याचा संसार टिकेल की नाही, या विषयावर दाजींइतकं ठासून बोलणारा माणूस मी चौकापासून गोमतीनगरापर्यंत पाहिलेला नाही. माळकऱ्याला व्हिस्कीतलं काय कळणार, असं कुणी विचारलंच तर दाजी तिजोरी उघडून दाखवतात. तिच्या दाराला आतून दोन चित्रं चिकटवलेली आहेत. एक विठोबाचं, आणि दुसरं ओल्ड मंकवाल्या कपिल मोहन यांचं, २०१८ च्या जानेवारीत ते वारले तेव्हा पेपरात आलेलं. मोहन स्वतः दारू पीत नसत. "सगळ्या देशाला रम पाजली आन् सोता कोरडा राहिला गडी," दाजी सांगतात. "पिणाऱ्याला काय कळतंय? कळायचं असंल तर शुद्धीत पायजे माणूस." मोहन मीकिन कंपनीची एक डिस्टिलरी लखनौतच, डालीगंजला आहे. त्यामुळं दाजी या नात्याला शेजारधर्मही जोडतात.

दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा गलाईचा. लखनौत मराठी माणूस म्हटलं की शिकल्यासवरल्या लोकांना पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. त्यांच्या खटपटीतून १९२६ साली इथं मॅरिस कॉलेज निघालं, आज त्याचं भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ झालंय. पण चौकातल्या सराफाला मराठी माणूस म्हटलं की भट्टीपुढं बसलेला विट्याकडचा गडी आठवतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं पाऊस पडेना म्हणून पिढ्यान् पिढ्या बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळत बसली. दाजी त्यांतलेच. मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर आले, आणि आता त्यांची हिंदी चौकातली, मराठी भाळवणीची आणि शिव्या दोन्हीकडच्या आहेत.

धंदा सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. कुणी जुनी बांगडी घेऊन आलं की दाजी आधी ती हातात तोलतात. मग काळ्या कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढतात, शेजारी माहीतगार कसाच्या सळईची दुसरी रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. हलक्या सोन्याची रेघ फिकी पडते. एवढं होऊनही दाजी भाव सांगत नाहीत. "ही वरवरची झाली. आत टाका असंल, मेण असंल, तांबं असंल. गाळल्याबिगर म्या सांगणार न्हाई." मग मुशीत टाकणखार, बांगडी भट्टीत, आणि दाजी डोळे बारीक करून रसाकडं बघत बसतात. सोन्याच्या बाबतीत इतका संशयी, इतका धीराचा माणूस मिळणं मुश्कील.

हाच माणूस हजरतगंजात एखाद्या कॅफेच्या काचेतून आत बसलेल्या जोडप्याकडं चालता चालता बघतो आणि सांगतो, "जमायचं न्हाई. पोरगं स्ट्रॉनं पितंय."

दाजींचं शास्त्र असं की पहिल्या भेटीत माणूस जे मागवतो त्यात तो सापडतो. पगार, पत्रिका, शिक्षण या गोष्टी माणूस तयारी करून आणतो. वेटर वही घेऊन उभा राहतो त्या क्षणी मात्र खरं बाहेर पडतं. मुलानं बिनसाखरेची काळी कॉफी मागवली, तर चोवीस कॅरेट. चहा मागवला तर बावीस, दागिना घडवायला हाच बरा. कॅपुचिनो म्हणजे अठरा, कारण वर नक्षी फार. कोल्ड कॉफीवर आइस्क्रीमचा गोळा आला की नुसता मुलामा. आणि स्ट्रॉबेरी शेक मागवणाऱ्या मुलाला दाजी थेट बेंटेक्स म्हणतात. ज्यांच्यात पिणं चालतं त्यांच्यासाठी वेगळा तक्ता आहे: नीट व्हिस्की पिणारा शब्दाचा पक्का, पाणी घालणारा संसारी, कोकाकोला घालणारा आईला विचारून घालतोय. "आन् ज्याच्या ग्लासात छत्री, त्याच्या घरात पाऊस," हे दाजींचं वचन त्यांच्या भट्टीवरच्या पोरांना पाठ आहे.

बायकांचा तक्ता मात्र उलटा. ज्या पेयानं पुरुषाचा कस वाढतो, त्यानंच बाईचा घटतो. मुलानं काळी कॉफी घेतली तर तो गंभीर, मुलीनं घेतली तर तापट. मुलगा चहाला नको म्हणाला तर निर्व्यसनी, मुलगी नको म्हणाली तर शिष्ट. लिंबूसोडा हे मुलीसाठी उत्तम. गोड की खारा विचारल्यावर तिनं "मिक्स" म्हणावं, त्यातून तडजोडीची तयारी दिसते. मी विचारलं, "दाजी, कॉफी तीच, मशीन तेच, वेटर तोच. मग?"

"दगड बी त्योच असतोय की. पर सोन्याची रेघ येगळी, चांदीची येगळी."

याला काय बोलणार!

स्ट्रॉ हा दाजींच्या शास्त्रातला कठीण अध्याय. पुरुषानं स्ट्रॉ लावायची नाही, हा मूळ नियम. मग नारळपाणी? "ते औषध." उसाचा रस? "स्ट्रॉ न्हाईच घ्यायची, ग्लास तोंडाला लावायचा. मिशीला फेस लागला पायजे." फ्रूटीचा डबा? यावर दाजी बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ते परवासात चालतंय." गाडीत माणूस परका असतो, तिथं त्याचा कस कोण बघतोय, असा काहीतरी त्यामागचा विचार असावा.

गुलाबी रंगावर त्यांचा राग सर्वांत जास्त, आणि तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. सोन्यात गुलाबी झाक आली की तांब्याचा संशय घ्यायचा, हे त्यांच्या हाडात मुरलंय. हौसेनं घडवलेलं रोझ गोल्डसुद्धा दाजींच्या लेखी राजरोस भेसळ. तीच नजर ते ग्लासावर टाकतात. मी त्यांना एकदा सांगितलं, की १९१८ साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं दुकानदारांना सल्ला दिला होता: गुलाबी मुलग्यांसाठी, कारण तो जोरकस रंग आहे, आणि निळा मुलींसाठी, कारण तो नाजूक. दाजींनी ऐकून घेतलं. "कापडवाले," ते म्हणाले. "माल पडून राहिला असंल गुलाबी."

आता गंमत अशी, की डिसेंबर उजाडला आणि चौकात धुकं उतरलं की हेच दाजी पहाटे मफलर गुंडाळून गोल दरवाज्याकडं जातात आणि काश्मिरी चहा पितात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा चहा गुलाबी असतो. फिकट वगैरे नाही, बारशाच्या टोपड्याला शोभेल असा गुलाबी. वर मलईचा थर, तिला इथं बालाई म्हणतात. आजूबाजूला पिणारे कोण? हमाल, कसाई, आखाड्यातून आलेले गडी, दाढीवाले मौलवी, रात्रपाळी करून निघालेले पोलीस. शेजारच्या खोमच्यावर केशराचा पिवळसर फेस, मक्खन मलाई, पानाच्या द्रोणात घेऊन लाकडी चमच्यानं चाटणारा दंडांवर गोंदलेला एक इसम मी डोळ्यांनी पाहिला आहे. थोडं पुढं ठंडाईचं दुकान. बदाम, खसखस, बडीशेप, गुलाबाच्या पाकळ्या वाटून दुधात घालायच्या, आणि हे सगळं पहिलवानांचं पेय! लखनौच्या जुन्या भागात मर्दानगी दुधासायीत, केवड्यात आणि गुलाबात वाढली. तिला कुणी कधी हिणवलं नाही. काळी कडू कॉफी पुरुषाची, हे तिथून दोन मैलांवरच्या हजरतगंजातल्या काचेच्या दारांमागं ठरलं, आणि तेही अलीकडं.

हे सगळं मी दाजींपुढं मांडलं. त्यांच्या हातात गुलाबी पेला होता, मिशीला बालाई होती.

"ह्यो रंग भेसळीचा न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "हिरवी पत्ती असतीया. सोडा घालून घंटाभर उकळायची, मग वरनं खाली वतायची, परत वतायची. हवा लागून लाल हुती. दूध घातलं की गुलाबी. ह्यो गाळून आलेला रंग हाय, मेव्हणीबाई. तुमच्या स्ट्रॉबेरीत बाटलीतला असतोय."

माहिती शंभर टक्के बरोबर होती. माणूस काय पितो यावर वाट्टेल ते बोलणाऱ्या दाजींना ते पेय होतं कसं, हे मात्र नेमकं ठाऊक असतं.

माझ्या बाबतीत त्यांची जरा पंचाईत झाली. बँकेच्या बदलीनं मी लखनौला आले ती त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहायला. जानेवारीच्या रात्री मी कधीमधी गरम पाण्यात रम घेते, हे आक्काला माहीत होतं आणि आक्काला माहीत म्हणजे दाजींना माहीत. बायकांच्या तक्त्यात रमचा रकानाच नव्हता. आमच्या माणदेशाकडं बाईचा आणि बाटलीचा संबंध मतपत्रिकेपुरता: गावातलं दुकान बंद करायला मतदान घ्यायचं, उभी बाटली की आडवी, आणि बायांनी ती आडवी करायची. उभ्या बाटलीतून स्वतःच्या पेल्यात ओतणारी बाई दाजींनी पाहिलेली नव्हती. दोन दिवस ते माझ्याशी हवापाण्याचंच बोलले. तिसऱ्या दिवशी निकाल लागला. "औषध," ते आक्काला म्हणाले. "तिचा घसा धरतोय."

मी हसले खरी, पण महाराष्ट्र सरकारचं मतही याहून वेगळं नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. दारू प्यायची तर परवाना लागतो, आणि परवान्याचं कारण काय, तर प्रकृती राखण्यासाठी. त्यातही कडक दारूसाठी वयाची पंचविशी उलटलेली हवी. उत्तर प्रदेशात एकविसाव्या वर्षी काम भागतं, आणि 'मॉडल शॉप' नावाच्या दुकानात घेऊन तिथंच बसताही येतं. अर्थात तिथं बसलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. म्हणजे तक्ता फक्त दाजींकडं आहे असं नाही. त्यांचा तोंडी आहे, इतकंच.

आणि दाजींच्या उलट्या बाजूचेही लोक असतात, ते मला जास्त जड जातात. एका ओळखीतून मी एका गृहस्थांना भेटायला गेले होते. मी रम मागवली. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघण्यासारखा होता. "तुम्ही बाकीच्या मुलींसारख्या नाही," ते म्हणाले. एका पेगच्या हिशेबात त्यांनी माझी आई, आक्का आणि शाळेतल्या सगळ्या मैत्रिणी निकालात काढल्या. दहा मिनिटांनी विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" दाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यो काय पीत हुता?" मी म्हटलं, नीट व्हिस्की. दाजींनी विषय बदलला.

त्यांना नामोहरम करायला मी एकदा जेम्स बाँडही काढला. दाजींनी त्याचे पिक्चर हिंदीत पाहिलेले आहेत आणि तो त्यांच्या तक्त्यात वरच्या जागी आहे. मी सांगितलं, की १९५३ च्या पहिल्या कादंबरीत तो जे पेय स्वतः शोधून काढतो त्यात जिन असते, व्होडका असते, वाइनची एक जात असते, वर लिंबाच्या सालीची पातळ चकती असते, ते खोलगट शॅम्पेनच्या पेल्यातून पितात आणि त्याला तो एका मुलीचं नाव देतो. दाजींनी विचारलं, "छत्री?" मी म्हटलं, नाही. "मग चालतंय."

एकदाच मी त्यांना गप्प झालेलं पाहिलं. नीट पिणाऱ्याच्या धमकेची तारीफ चालली होती. मी मजाज लखनवीची गोष्ट काढली. मोठा शायर, जावेद अख्तर यांचा सख्खा मामा. अलीगढला शिकत असताना पोरी त्याच्यावर मरायच्या म्हणतात. त्याच्याइतकी पहिल्या भेटीत छाप पाडणारा माणूस या शहरात क्वचित झाला असेल. आणि पिणं असं, की दाजींच्या तक्त्यात पहिला नंबर. १९५५ च्या डिसेंबरात दोस्तांबरोबर एका गुत्त्याच्या गच्चीवर प्यायला बसला. दोस्त उठून गेले, हा तिथंच राहिला. रात्रभर थंडीत पडून होता, त्यातून वाचला नाही. चव्वेचाळिशीचा होता.

दाजींनी भट्टीची हवा कमी केली. "कुणीतरी उचलून घरी न्यायचा की," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, "डिसेंबरात गच्चीवर सोडत्यात व्हय कुणाला?"

दुसऱ्या दिवशी तक्ता पूर्ववत सुरू झाला.

मग सोन्याचं प्रकरण आलं. सोन्या म्हणजे दाजींचा पुतण्या, सॉफ्टवेअरमध्ये आहे. सहा फूट उंच, आवाज ढोलासारखा, आणि पोराला लहानपणापासून स्ट्रॉबेरी शेकचं वेड. कानपूरला गलाईतलंच एक घर, त्यांची मुलगीही नोकरी करणारी. दोघांनी आधी बाहेर भेटावं, असं ठरलं. ठरवलं मुलीनं, हे विशेष. रविवारी संध्याकाळी हजरतगंजातला एक कॅफे. शनिवारी रात्री दाजींनी सोन्याची उजळणी घेतली.

"काय मागवशील?"

"काळी कॉफी."

"साखर?"

"नको."

"तोंड वाकडं न्हाई करायचं."

"काका, कडू लागते हो."

"संसार काय बासुंदी हाय व्हय रं?"

दाजी स्वतः जाणार नाहीत, असं ठरलं होतं. म्हणून ते मला घेऊन गेले आणि आम्ही दोन टेबलं सोडून बसलो. आब राखायला दाजींनीही काळी कॉफी मागवली. साखरेच्या पुड्या मात्र एकामागून एक फोडत राहिले, शेवटी शेजारच्या टेबलावरच्याही आणल्या. "साखर हे काय पेय न्हवं," असा खुलासा झाला. कॉफी चमच्याला चिकटू लागली होती.

तिकडं वेटर आला. ट्रेमध्ये एक काळी कॉफी, बिनदुधाची. दुसरा उंच काचेचा ग्लास, त्यात गुलाबी शेक, वर क्रीमचा कळस, कळसावर लाल चेरी आणि पट्ट्यापट्ट्यांची जाड स्ट्रॉ. वेटरनं काही विचारलं नाही. कॉफी सोन्यापुढं ठेवली, शेक मुलीपुढं. मान लववून गेला.

दाजींनी माझ्या हातावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "चोवीस," ते पुटपुटले.

सोन्या कॉफीकडं बघत होता. मुलगी शेककडं बघत होती. पहले आपच्या गावात चूक कोण आधी दाखवणार? क्रीम हळूहळू एका बाजूला कलायला लागलं. शेवटी मुलीनं दोन बोटांनी ग्लासाचा पाय धरला, टेबलावरून सरळ सोन्यापुढं सरकवला, आणि त्याच हातानं कॉफीची बशी आपल्याकडं ओढली. एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं नाही. सोन्यानं मागं वळून आमच्याकडं बघायचं टाळलं, स्ट्रॉ तोंडात धरली, आणि एवढा मोठा आवाज झाला की काउंटरवरच्या पोरानं मान वर केली.

"बेंटेक्स," दाजी म्हणाले, आणि खुर्चीत खचले. जरा वेळानं म्हणाले, "आन् पोरगी तापट."

"तापट कशानं?" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. मराठीत. तिथं एक पोक्त बाई बसल्या होत्या, काठाची साडी, पुढ्यात न शिवलेली कोल्ड कॉफी, आणि खुर्ची आमच्यासारखीच त्या दोघांकडं वळवलेली. "रातपाळी असती तिची. परदेशातल्या कंपनीचं काम. झोप येऊ नये म्हणून पिती काळी. मी आत्या तिची."

दाजी उठून उभे राहिले, नमस्कार झाला, गाव विचारलं गेलं, दोन नाती निघाली. आत्याबाई आमच्या टेबलावर आल्या.

"पोरगं चांगलं वाटतंय तुमचं," त्या म्हणाल्या.

दाजींना वाटलं थट्टा आहे. पण आत्याबाईंचंही शास्त्र होतं, आणि दाजींच्या इतकंच पक्कं. मुलगा पहिल्या भेटीत काय मागवतो यावरच त्यांचाही भर. काळी कॉफी मागवणारी तीन स्थळं त्यांनी तिथल्या तिथं परत पाठवली होती. जो कडू लागत असताना कडू लागत नाही असं दाखवतो, तो पुढं काय काय लपवील, असा त्यांचा सवाल. दूध पिणारा पुरुष वेळेवर घरी येतो. स्ट्रॉनं पिणारा सावकाश पितो, म्हणजे जेवतोही सावकाश, म्हणजे पानावरून ओरडत उठत नाही. चेरी खातो की बाजूला ठेवतो हेही त्या बघत होत्या. सोन्यानं चेरी शेवटासाठी राखून ठेवली होती. "बघा," आत्याबाई समाधानानं म्हणाल्या, "शिल्लक टाकणारा हाय."

"पर ताई," दाजी कळवळून म्हणाले, "पुरुषानं कसं, नीट, बिनपाण्याचं..."

"आमचे मालक सोडासुद्धा घालत नव्हते," आत्याबाई म्हणाल्या. आणि कोल्ड कॉफीचा पहिला घोट घेतला.

दाजींनी पुढं काही विचारलं नाही. कॉफीत आणखी एक पुडी टाकली आणि ढवळत बसले.

घरी येताना ते मेट्रोत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. सचिवालय, हुसैनगंज गेलं. चारबागच्या अलीकडं म्हणाले, "कानपूरचा भाव येगळा असतोय." दोन शहरांत एकाच मालाला दोन भाव लागतात हे सराफाला नवीन नाही, आणि एवढ्यावर दाजींनी आपलं शास्त्र वाचवलं असं मला वाटलं.

सोन्याला रात्री विचारलं, काय बोलणं झालं? तो म्हणाला, "फार काही नाही. मागं दोन टेबलांवर म्हातारी माणसं बसून आमच्याकडं टक लावून बघत होती. एक तर काकाच होते. मग दुसरी बाई कोण असेल यावर आम्ही तासभर पैजा लावल्या. ती म्हणाली माझी आत्या नसेल तर शेकचं बिल मी देते."

"मग बिल कुणी दिलं?"

"मीच. पुढच्या वेळी ती देणार आहे."

म्हणजे पुढची वेळ होती. कॉफी-शेकवर दोघांपैकी कुणी एक शब्दही बोललं नव्हतं. पुढचं मात्र अजून अडून आहे, आणि ते नोएडाच्या बदलीवर. त्याला जायचंय, तिला कानपूर सोडायचं नाही, आणि यावर दाजींकडं तक्ता नाही.

सोमवारी दुपारी बँकेत दाजींचा फोन आला. मागं भट्टीचा घुं घुं आवाज येत होता.

"मेव्हणीबाई, त्या हॉटेलवाल्याला जरा इचारून घ्या. त्या स्ट्रॉबेरीत दूध किती, फळ किती आन् रंग किती."

"कशाला, दाजी?"

"कशाला मंजे? नुसत्या रंगावर कसं बोलणार माणूस?"